इंजिनाची ताकद आणि कंपनीची हमी



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन कार्यकर्ते आमच्याकडे आले, तेव्हा ऊसतोड कामगारांच्या प्रश्नावर किंवा कामगार-कायद्यावर आम्ही बोलावे अशी त्यांची इच्छा असणार, असे आम्ही गृहीत धरून बसलो होतो. मनात भाषणाची जुळवाजुळवही सुरू केली होती. पण त्यांच्यातला सर्वांत धाकटा जो होता तो म्हणाला, "काका, ते तर तुम्ही दर सभेत बोलता. यंदा गाडीवर बोला." आम्ही विचारले, कोणत्या गाडीवर? तर म्हणाला, "मोटारसायकलवर. इंजिनाची ताकद वाढवायची, पण वॉरंटी जाऊ द्यायची नाही. असं करता येतं का, एवढंच सांगा."

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटला, आणि आम्ही हसलोही. रात्री मात्र झोप आली नाही. कारण या प्रश्नाशी आमचा जुना हिशेब आहे. तो आज आपणांसमोर मांडणार आहो. आयुष्यभर आम्ही गॅरेजांतल्या आणि सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांतल्या कामगारांत वावरलो. इंजिनाविषयी आम्हास जे काही कळते ते त्यांच्याच ओट्यावर बसून शिकलेले आहे. तेव्हा आमची भाषा विद्यापीठातली नाही, हे आपण सांभाळून घ्यावे.

आपल्या उमापुरात मोटारसायकल ही चैनीची वस्तू नाही, हे येथे कोणास सांगावयास नको. अहिल्यानगर-बीड-परळी हा लोहमार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि बीड शहरास पहिली आगगाडी लागली ती १७ सप्टेंबर २०२५ या दिवशी. मधल्या तीस वर्षांत आपली आगगाडी म्हणजे दोन चाकांचीच. बाळंतीण दवाखान्यात तिच्यावरून गेली, खताची गोणी तिच्यावरून आली, गेवराईच्या कचेरीत सातबारा काढावयाचा तर तिच्यावरूनच. तिसरा माणूस बसवू नये असा कायदा आहे. आपण चौथाही बसवतो.

आणि ही गाडी घडवणारे हातही पुष्कळ अंशी आपलेच आहेत. वाळूजचा बजाज कंपनीचा कारखाना ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते सुरू झाला. त्यानंतर मराठवाड्यातली किती पोरे तिकडे आणि आजूबाजूच्या लहान कारखान्यांत गेली याची मोजदाद नाही. १९९९ साली चाकणला त्याच कंपनीचा आणखी एक कारखाना सुरू झाला आणि २००१ साली पल्सर बाजारात आली. तोवर खेड्यातला माणूस गाडी घेताना एकच प्रश्न विचारी की लिटरला किती जाते? पल्सर आल्यावर त्याचा मुलगा दुसरा प्रश्न विचारू लागला की पळते किती? आजचा आपला विषय या दुसऱ्या प्रश्नाच्या पोटी जन्मला आहे.

त्यापूर्वीही ही हौस नव्हती असे नाही. १९८५ पासून १९९६ पर्यंत आपल्या देशात बनलेली यामाहा आरएक्स १०० ही गाडी ज्यांनी चालवली त्यांचे डोळे आजही लकाकतात. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन आणि ताकद ११ अश्वशक्ती. जाणते मिस्त्री तिच्या सिलिंडरची दारे कानशीने घासून मोठी करीत, हेड घासून दाब वाढवीत, कार्ब्युरेटरचा जेट बदलीत. ते काम हातचे होते; चुकले तर सिलिंडर वाया जाई आणि मिस्त्री तोंड लपवी. पण त्या काळी हमीची मुदत थोडी असे आणि ती लक्षात कोण ठेवतो? आज काही कंपन्या पाच पाच वर्षांची हमी देतात. म्हणजे पोराचे वेडे वय संपेपर्यंत गाडी हमीतच असते! म्हणूनच हा प्रश्न आज जितका नडतो तितका त्या वेळी नडत नव्हता.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. इंजिन म्हणजे श्वास घेणारे जनावर. एक भाग पेट्रोल नीट जळावयास वजनाने सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. तेव्हा ताकद वाढवावयाची म्हणजे एक तर प्रत्येक श्वासाला अधिक हवा आत घ्यावयाची, नाही तर मिनिटाला अधिक श्वास घ्यावयाचे. सायलेन्सर मोकळा करणे, हवेची जाळी काढणे, संगणकाच्या पेटीत फेरफार करणे, हे सारे उपद्व्याप या दोन गोष्टींसाठीच चालतात. मग कंपनीच हे का करून देत नाही? तिला काय ताकदीचे वावडे आहे?

याचे उत्तर आम्हास कारखान्यात मिळाले. कामाचा दर ठरवणारा साहेब हातात घड्याळ घेऊन यंत्राशेजारी उभा राहतो, तेव्हा जाणता कामगार आपली सगळी ताकद दाखवीत नाही. तो लबाड असतो म्हणून नव्हे. त्या दिवशी दाखवलेला वेग त्याला पुढे तीस वर्षे रोज पाळावा लागणार असतो. तापात, उन्हात, घरी मयत झालेली असताना. म्हणून तो काही शिल्लक राखतो. इंजिनाचा कर्ता हीच शिल्लक राखतो. ही गाडी मे महिन्यात ४३ अंशांच्या उन्हात तीन माणसे आणि एक पोते घेऊन चढ चढणार आहे, हिचे तेल वेळेवर बदलले जाणार नाही, हिच्यात कधी भेसळीचे पेट्रोल पडणार आहे, हे त्याला ठाऊक असते. आपण ज्याला दडवलेली ताकद म्हणतो ते त्या इंजिनाचे उद्याचे आयुष्य असते.

आणि ती शिल्लक तरी केवढी? येथे आम्ही आकडे देतो, कारण आकड्यांशिवाय बोलणाऱ्या पुढाऱ्यांवर आमचा विश्वास नाही. २०१२ साली चाकणमध्ये दोन मोटारसायकली बनू लागल्या. एक केटीएमची ड्यूक २००, दुसरी पल्सर २०० एनएस. दोघींचा सिलिंडर ७२ मिलिमीटर व्यासाचा, दोघींत पिस्टनची धाव ४९ मिलिमीटर, म्हणजे दोघींची क्षमता बरोबर एकच, १९९.५ सीसी. पल्सरला कार्ब्युरेटर आणि एक कॅमशाफ्ट. ड्यूकला इंधन फवारणारी यंत्रणा आणि दोन कॅमशाफ्ट. एवढा खर्चाचा फरक करून ताकदीत फरक पडला तो किती? पल्सर सुमारे साडेतेवीस अश्वशक्तीची, ड्यूक सुमारे पंचवीसची. पुढे २०२० साली त्याच पल्सरला इंधन-फवारणी मिळाली तेव्हा साडेतेवीसची साडेचोवीस झाली. ज्यांच्यापाशी प्रयोगशाळा आहेत, शेकडो इंजिनियर आहेत, त्यांना एका घोड्यासाठी इतके झिजावे लागते. आणि शहरातल्या एखाद्या दुकानात संध्याकाळच्या चहापर्यंत पाच घोडे वाढवून देतो म्हणून सांगणारा भेटतो. त्याच्या दुकानात ताकद मोजण्याचे यंत्र आहे का, हे पोरे विचारीत नाहीत. त्यांना आवाज मोठा झालेला ऐकू येतो आणि वाटते, गाडी पळू लागली.

वाढलेली ताकद वेगात किती उतरते हेही ऐका. भरधाव गाडीला मुख्यतः हवा अडवते, आणि त्या अडवणुकीला तोंड देण्यास लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी १०० किलोमीटरची गाडी ११० करावयाची तर वेग एक दशांश वाढला, परंतु ताकद लागेल जवळजवळ एक तृतीयांश अधिक. उलट, धरून चालू की सायलेन्सर आणि जाळी बदलून पाच टक्के ताकद खरोखर वाढली. मग १०० ची गाडी किती पळेल? १०१ आणि थोडी. त्या दीड किलोमीटरसाठी पाच वर्षांची हमी! हा व्यवहार आमच्या बाजारातल्या शेळ्यांच्या दलालानेही केला नसता.

असो. आता तो जुना हिशेब.

२०२२ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या ओळखीतले एक ऊसतोड जोडपे. नावगाव सांगत नाही. त्यांच्या मुलाने पार्सल पोहोचवण्याची नोकरी धरली. नोकरीची अट अशी की गाडी स्वतःची हवी. बापाने मुकादमाकडून हंगामाची जी उचल घेतली होती तिच्यातून गाडीचे सुरुवातीचे पैसे भरले, बाकीचे हप्ते पोराने पगारातून फेडावयाचे ठरले. म्हणजे ती गाडी शोरूममधून बाहेर पडली तेव्हा तिच्यावर आईबापाचा सहा महिन्यांचा कोयता अगोदरच चालून गेलेला होता. पोरगे हुशार, पण पोरगेच. शहरात पार्सले वाटताना मित्रांच्या नादाने त्याने सायलेन्सर बदलला, हवेच्या जाळीची पेटी काढून उघडी जाळी लावली, आणि संगणकाच्या तारेला एक डबी जोडून घेतली, जिच्यामुळे पेट्रोल अधिक पडते म्हणतात. तीन महिने तो राजासारखा फिरला.

आपल्या भागातली माती आपणांस ठाऊक आहे. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याने एखादा ट्रॅक्टर पुढे गेला की मागच्याला डोळे उघडता येत नाहीत. ती धूळ उघड्या जाळीतून इंजिनात जात राहिली. तेलात मिसळली की ती धूळ राहत नाही, पॉलिशपेपर होते. रिंगा झिजल्या, सिलिंडरवर ओरखडे पडले, धूर येऊ लागला, तेल जळू लागले. पोराने तेलाची पातळी पाहिली नाही. आणि एके दिवशी दुपारी, भर रस्त्यात, पार्सलांच्या ओझ्यासह इंजिन जाम झाले. गाडीला अकरा महिने झाले होते. दुरुस्तीचा अंदाज अठरा हजार.

बाप आमच्याकडे आला. म्हणाला, "भाऊ, तुमी मोठमोठ्या सायबांस्नी वाकवता. एवढं करा." आणि आम्ही काय केले? जे केले ते या मंडपात सांगावयाची लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आम्ही पोराला म्हटले, जुना सायलेन्सर कोठे आहे? पेटी कोठे आहे? सगळे जसे होते तसे बसव, डबी काढून टाक, आणि मग गाडी सर्व्हिस सेंटरला लाव. कंपनीकडे कोट्यवधी रुपये आहेत, अठरा हजारांनी तिचे काय जाते, असा युक्तिवाद आम्ही स्वतःशी केला. मालकाविरुद्ध भांडताना सगळे चालते, हे आमच्या चळवळीतले एक वाईट वळण आहे आणि ते आमच्या अंगात मुरले होते.

गाडी टेम्पोत घालून आम्हीच घेऊन गेलो. तेथल्या मिस्त्रीने इंजिन खोलले. त्याने आमच्याकडे पाहिले नाही. हवेच्या नळीत बोट घातले आणि ते बोट आमच्यापुढे धरले. बोट तांबूस झाले होते. पेटी कोरी करकरीत आणि पेटीच्या पुढची नळी मातीने भरलेली, हे कसे? मग त्याने आम्हास बाजूला बोलावले. त्याची भाषा आमच्या कानांत अजून आहे. "भाऊ, मी वॉरंटीत टाकतो म्हटलं तर कागद पुढं जाईल. पण खराब पार्ट कंपनीकडं जातात, तिथं बघतात. खोटं निघालं की पैसे शोरूमच्या नावावर, आणि शोरूमवाला माझ्या पगारातनं कापतो. मागं एकाचे कापले. तुम्ही सांगा, सही करू का?"

हा माणूस आमचाच होता. ज्या कामगारांच्या बाजूने आम्ही आयुष्यभर घसा फोडला त्यांपैकीच तो एक. आमची लबाडी कंपनीच्या तिजोरीत जाणार नव्हती. वाटेत तिला एक पगाराचे पाकीट लागत होते. आम्ही सही करू नको म्हणालो. पोराला बोलावून खरे काय ते लिहून द्यावयास लावले.

परंतु हिशेब येथे संपत नाही. आम्ही खरे लिहून दिल्याबरोबर शोरूमने पत्र दिले की गाडीत फेरफार केलेला असल्यामुळे संपूर्ण हमी रद्द. आता या गाडीची सेल्फची मोटरही दुसऱ्या महिन्यापासून अडखळत होती. सायलेन्सर आणि जाळी बदलण्याच्या कितीतरी आधीची ती तक्रार. तिच्या नोंदी त्याच सर्व्हिस सेंटरच्या कागदांवर होत्या. जाळीची धूळ सेल्फच्या मोटरीत जात नाही. मग तिची हमी कशी गेली? येथे मात्र आम्ही घट्ट उभे राहिलो. इंजिनाचा खर्च आमचा, मोटर तुमची, असे पत्र लिहिले, नोंदींच्या प्रती जोडल्या, ग्राहक आयोगाचा उल्लेख केला. सात आठवड्यांनी मोटर फुकट बदलून मिळाली. इंजिनाचे अठरा हजार बापाने पुढच्या हंगामाच्या उचलीतून दिले. ती उचल त्याने एकट्याने फेडली नाही. बाईही बरोबर होती. पाठीच्या दुखण्यामुळे त्या वर्षी ती जाणार नव्हती, ती गेली.

या अनुभवानंतर आम्ही हमीपत्रे वाचू लागलो. वेतनाचा करार जसा आम्ही ओळ-ओळ वाचतो तशीच. आणि ध्यानात आले की हमीपत्र हा करारच आहे, फक्त तो एका बाजूने लिहिलेला आहे. त्यात काय मिळते ते मोठ्या अक्षरांत असते आणि काय मिळत नाही ते बारीक अक्षरांत. ब्रेकचे लायनर, क्लचप्लेटा, केबली, बल्ब यांसारखे झिजणारे भाग बहुधा हमीबाहेर असतात. ठरलेली सर्व्हिसिंग ठरलेल्या किलोमीटरला आणि कंपनीच्या अधिकृत ठिकाणी झाली पाहिजे, हे कलम असते. शर्यतीत वापरलेली, अपघात झालेली, फेरफार केलेली गाडी वगळलेली असते. आमचा अनुभव असा की आपल्याकडे फेरफारापेक्षा सर्व्हिसिंग चुकल्यामुळेच अधिक हमी बुडतात. पुस्तकावर शिक्का नाही, एवढे एक कारण पुरते.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये, कारखान्याने दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात नमूद झालेल्या तपशिलांहून वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगीबाहेरचा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड अशी तरतूद केली. आवाजाचे म्हणाल, तर ८० ते १७५ सीसीच्या गाडीने ७७ डेसिबलच्या आत आणि त्यावरच्या गाडीने ८० च्या आत राहावे, असा नियम कारखानदारावर आहे. डेसिबलचे माप फसवे असते; दहाने वाढले की आवाजाची ऊर्जा दसपट होते. बुलेटला पंजाब सायलेन्सर, इंदोरी सायलेन्सर लावून रात्री अकरा वाजता गावातून जाणारे शूर पुरुष या सभेत असतील तर त्यांनी हे मनावर घ्यावे. शहराशहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे आपण पाहिली असतील. १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ च्या गाड्यांत तर सायलेन्सरच्या पोटात धूर शुद्ध करणारी मौल्यवान धातूंची जाळी असते. ती काढली की गाडी कायद्यातूनही जाते आणि आपल्याच लेकरांच्या नाकातही जाते. विम्याचे आणखी वेगळे. न कळवता केलेला फेरफार विमा कंपनीला भरपाई नाकारण्यास आयते निमित्त देतो.

मग कंपनी म्हणेल तेच खरे काय? तसेही नाही, आणि येथे जगातला अनुभव पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत १९७५ साली मॅग्नुसन-मॉस या नावाचा हमीविषयक कायदा झाला. त्याचा आशय असा की दुसऱ्याचा सुटा भाग लावला एवढ्यावरून कंपनीला हमी झिडकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे तिने दाखवले पाहिजे. म्हणजे आमच्या सेल्फच्या मोटरीचाच न्याय! गंमत पहा, हार्ले-डेव्हिडसन ही एवढी नामांकित मोटारसायकल कंपनी या प्रकरणात दोन्ही बाजूंनी अडकली. इंजिनाची ताकद वाढवणारी आणि धूरही वाढवणारी उपकरणे तिने स्वतःच विकली, म्हणून २०१६ साली तिला १ कोटी २० लाख डॉलर दंड मान्य करावा लागला. आणि बाहेरचे भाग वापराल तर हमी जाईल अशा अटी घातल्या म्हणून २०२२ साली तेथल्या सरकारी आयोगाने तिच्यावर कारवाई केली. ताकद विकावयाची तेव्हा फेरफार चालतो आणि हमी द्यावयाची तेव्हा चालत नाही, हे मालकवर्गाचे तर्कशास्त्र आम्हास नवे नाही.

आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. परंतु ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटारकंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला, आणि त्या निकालात असे सांगितले की बाहेरच्या गॅरेजात काम केले म्हणून सरसकट हमी रद्द करण्याची अट घालू नये. त्या कामाने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच हमी नाकारता येईल. त्यावर पुढे अपिले झाली, आणि तो निकाल चारचाकींविषयीचा होता, हे आम्ही लपवीत नाही. पण भांडताना हाती धरावयाला तो दोर आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. जिल्हा आयोग बीडला आहे, तक्रार दोन वर्षांच्या आत करावयाची असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पडत नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. स्वच्छ अक्षरांत तारखावार लिहिलेला अर्ज आणि पावत्या, एवढे पुरते. खोटे मात्र एकही वाक्य नको. एक खोटे वाक्य नऊ खऱ्यांना घेऊन बुडते.

आता त्या धाकट्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देणे भाग आहे. हमी राखून ताकद वाढते का? थोडीफार मिळते, पण तिचा रस्ता वेगळा. पहिल्याने, आपल्या गाडीची जी ताकद कंपनीने दिली होती ती तरी आज तिच्यात आहे का ते पहा. चाकांत हवा कमी, चेन कोरडी आणि ढिली, ब्रेक चाकाला घासतो आहे, हवेची जाळी मातीने बुजलेली, व्हॉल्व्हची फट बिघडलेली, अशी गाडी आम्ही रोज पाहतो. आणि तिचा मालक सायलेन्सरच्या चौकशीला निघालेला असतो. या पाच गोष्टी सर्व्हिस सेंटरमध्येच, हमीतच, नीट करून घ्या आणि मग चढावर गाडी घालून पहा. धुळीच्या भागात जाळी पुस्तकात लिहिल्यापेक्षा लवकर तपासावी लागते. तेल पुस्तकात सांगितलेल्या दर्जाचेच टाका. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरातले उरलेले नको. नवी गाडी पहिले काही शे किलोमीटर सांभाळून चालवा, रिंगा बसू द्या.

पुढचे दातेरी चक्र एका दाताने कमी करण्याची युक्तीही पोरे विचारतात. चौदाचे तेरा केले तर चाकावरची ओढ साडेसात टक्क्यांच्या वर वाढते हे खरे, आणि सर्वाधिक वेग सात टक्क्यांनी घटतो हेही खरे. त्यात ताकद काडीची वाढत नाही. एका खिशातले दुसऱ्या खिशात जाते. आणि हमीपत्राच्या दृष्टीने हाही फेरफारच. काही कंपन्या आपल्याच नावाचे सायलेन्सर व भाग विकतात, ते लावूनही हमी राहते. परंतु तसे पावतीवर लेखी घ्या, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका. आणि ज्याला खरोखरच अधिक ताकद हवी आहे, डोंगराच्या वाटा आहेत, ओझे आहे, त्याने गाडी घेतानाच वरच्या ताकदीची घ्यावी किंवा थांबून घ्यावी. शर्यतीची हौस असेल तर जुनी, हमी संपलेली गाडी घ्या, बंद मैदानात न्या, डोक्याला टोप घाला आणि मग तिचे जे करावयाचे ते करा. त्या हौसेला आमचा विरोध नाही. आरएक्स १०० चा आवाज ऐकला की आम्हीही अजून वळून पाहतो.

त्या मुलाचे आपण विचाराल. तो अजून तीच गाडी चालवतो. जुनी जाळी, जुना सायलेन्सर. आणि तो मिस्त्री गेल्या वर्षी सर्व्हिस सेंटर सोडून स्वतःचे गॅरेज टाकून बसला आहे. पगारातून कापण्याच्या त्या पद्धतीविषयीचा आमचा तक्रारअर्ज मात्र अजून निकालात निघालेला नाही. त्याचे पुढे काय झाले ते पुढच्या खेपेस बोलावलेत तर सांगू.

उद्या सकाळी आठ ते दहा आम्ही याच मंडपात आहो. ज्यांच्या गाड्या हमीत आहेत त्यांनी हमीपत्राचे पुस्तक आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या घेऊन याव्यात. बारीक अक्षरे आम्ही वाचून दाखवू. चष्मा आमचा आम्ही आणतो. आता कोणास काही विचारावयाचे असेल तर विचारावे.